रेडिओचे मौन आणि अभावाचे ज्ञान

एखादी गोष्ट जाणवत नाही, एवढ्यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते, हा भारतीय ज्ञानमीमांसेतील जुना आणि मूलगामी प्रश्न आहे. ज्ञानमीमांसा म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार. या साधनांना परंपरेने प्रमाणे म्हटले आणि ती किती, यावर दर्शनांमध्ये शतकानुशतके वाद चालला. त्या वादातील अनुपलब्धी, म्हणजे ‘न जाणवणे’, या प्रमाणाचा विचार बहुधा रिकाम्या जमिनीवर नसलेल्या घटाच्या उदाहरणाने केला जातो. ते उदाहरण सोयीचे असले तरी त्यात कोणाचेही काही पणाला लागलेले नसते, आणि म्हणून त्या सिद्धांतातील अटी किती कठोर आहेत हे वाचकाच्या ध्यानात येत नाही. हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या छोट्या विमानात रेडिओ गप्प असतो, तेव्हा हाच प्रश्न जिवाशी येतो. कारण त्या मौनाचा अर्थ आकाश मोकळे आहे असा होऊ शकतो, किंवा विमानाला ऐकूच येत नाही असाही होऊ शकतो, आणि हे दोन्ही अर्थ कानाला अगदी सारखेच ऐकू येतात.

अशा घरी बांधलेल्या विमानांना अमेरिकेत संघटित रूप आले ते १९५३ साली, जेव्हा विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. तिचा ऑशकॉश येथे दर उन्हाळ्यात भरणारा मेळावा आज जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कायद्यानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधलेला असेल, तर ते विमान प्रायोगिक वर्गात नोंदवता येते. मराठी वाचकांना या प्रकाराची ओळख आहे ती कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत मांडलेल्या विमानामुळे. तत्त्वचिंतकाच्या दृष्टीने या वर्गाचे वैशिष्ट्य असे, की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विमानाच्या प्रत्येक जोडणीमागे दुसऱ्या कोणाची तरी तपासणी उभी असते, तर येथे बांधणारा, तपासणारा आणि त्यात बसून उडणारा बहुधा एकच असतो, आणि त्यामुळे ‘हे ठीक आहे’ या ज्ञानाला आधार कशाचा, हा प्रश्न टाळताच येत नाही.

विमानातील संभाषणाचा रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतो. या पट्ट्याच्या मध्यावर लहरीची लांबी सुमारे २.३५ मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे सुमारे ५९ सेंटिमीटर किंवा प्रत्यक्षात त्याहून किंचित आखूड असा उभा दांडा अँटेना म्हणून पुरतो. मात्र त्याच्या तळाशी धातूचा विस्तृत पृष्ठभाग असावा लागतो, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात आणि जो अँटेनाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे काम करतो. रेडिओ आणि अँटेना यांना जोडणारी कोअ‍ॅक्स केबल, म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती जाळीचे आवरण असलेली तार, ५० ओहम या ठरावीक प्रतिबाधेची असते. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात पत्राच ग्राउंड प्लेन होतो. बर्ट रुटान यांच्या १९७५ मधील व्हॅरिईझपासून लोकप्रिय झालेल्या फोम आणि काचतंतूंच्या विमानांत असा पत्रा नसतो. तेथे तांब्याच्या पट्टीची अँटेना काचतंतूंच्या थराखाली कायमची पुरली जाते, कारण काचतंतू रेडिओलहरींना अडवत नाहीत. कार्बनतंतू वीजवाहक असल्याने लहरींना अडवतात, त्यामुळे तेथे ही युक्ती चालत नाही. पुरलेली अँटेना पुन्हा डोळ्यांनी पाहता येत नाही, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे. तिच्याविषयीचे सारे ज्ञान यापुढे अनुमानानेच मिळवावे लागते.

सातव्या शतकाच्या आसपास कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त अभावाचे ज्ञान देणारे वेगळे प्रमाण मांडले आणि भाट्ट मीमांसकांप्रमाणेच अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. इंद्रिये जे असते त्याच्याशीच संबंध जोडू शकतात. मग घट नसणे हे डोळ्यांना कसे दिसणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर म्हणून ‘न जाणवणे’ हेच ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले गेले. मीमांसेतीलच प्रभाकरांच्या अनुयायांनी हे प्रमाण नाकारले, आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, अभाव हा प्रत्यक्षानेच कळतो असे म्हटले. या मतभेदाच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही, कारण एका अटीविषयी बहुतेकांचे एकमत आहे, आणि ती अट म्हणजे योग्यता. वस्तू तेथे असती तर ती नक्की जाणवली असती, अशी सर्व परिस्थिती असेल तरच तिचे न जाणवणे हे तिच्या अभावाचे ज्ञान ठरते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर घट नाही असे कळत नाही. फक्त दिसला नाही एवढेच कळते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू मानले, तरी त्यांनीही हाच भेद कसोशीने पाळला: जे स्थळाने, काळाने किंवा स्वभावानेच जाणिवेच्या आवाक्याबाहेर आहे, त्याच्या न जाणवण्यातून फक्त संशय निघतो, निश्चय निघत नाही.

विमानाच्या रेडिओत ही योग्यता एका बटणात बसवलेली असते. रेडिओला कोणी बोलत नसताना सतत खरखर ऐकू येत असते, आणि ती वैमानिकाच्या कानी पडू नये म्हणून स्क्वेल्च नावाचे एक परिपथ पुरेसा बलवान संकेत येईपर्यंत आवाजाची वाट बंद ठेवते. त्यामुळे चालू रेडिओची आणि बंद पडलेल्या रेडिओची शांतता सारखीच असते. बटण दाबून स्क्वेल्च उघडले आणि खरखर ऐकू आली, तर रेडिओला वीज मिळते आहे, त्याचा ध्वनिभाग शाबूत आहे आणि हेडफोनची तार तुटलेली नाही, एवढे सिद्ध होते. अनेक बांधणारे येथेच समाधान मानतात, पण ते समाधान अपुरे आहे, कारण ही खरखर बऱ्याच अंशी रेडिओच्या आतच निर्माण होते आणि अँटेनाची केबल काढून ठेवली तरी ऐकू येत राहते. खोलीत दिवा लावला, पण डोळ्यांवरची पट्टी तशीच राहिली, अशी ती अवस्था आहे. केबल आणि अँटेना यांची योग्यता पटवायची असेल, तर जे नक्की आहे असे अन्य मार्गाने ठाऊक आहे तेच ऐकून पाहावे लागते. मोठ्या विमानतळांवर हवामानाची आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती एका ठरावीक वारंवारितेवर अखंड प्रक्षेपित होत असते. जवळच्या विमानतळाचे असे प्रक्षेपण स्पष्ट ऐकू आले, तरच त्यानंतरच्या शांततेला काही अर्थ येतो. येथेही धर्मकीर्तींची अट लागू पडते. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला दूरचे केंद्र ऐकू येणार नाही, आणि तेवढ्यावरून अँटेनाला दोष देणे म्हणजे स्थळाने आवाक्याबाहेर असलेल्या वस्तूचा अभाव सांगणे होय.

मौनाचा याहून फसवा प्रकार बोलण्याचे बटण अडकल्याने घडतो. कंट्रोल स्टिकवरील बटणाची तार कोठेतरी धातूला टेकली, की रेडिओ प्रक्षेपणाच्या अवस्थेत अडकतो. त्या अवस्थेत त्याचा ग्रहणाचा भाग बंद असतो, म्हणून वैमानिकाला कोणाचाही आवाज येत नाही, आणि त्याच वेळी त्याची वाहक लहर ती वारंवारिता व्यापून टाकत असल्याने इतरांचेही बोलणे पोहोचत नाही. येथे न ऐकू येण्याचे कारण ऐकणारा स्वतःच आहे, आणि तो ज्या शांततेतून ‘कोणी नाही’ असा निष्कर्ष काढतो ती त्यानेच उत्पन्न केलेली असते. या धोक्याची जाणीव असल्यामुळेच काही आधुनिक रेडिओ ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण आपोआप थांबवतात. विमानवाहतुकीत अँप्लिट्यूड मॉड्युलेशन ही जुनी पद्धत टिकून राहिली, तिच्या गुणांपैकी एक येथे सांगण्यासारखा आहे: दोन विमाने एकाच वेळी बोलली तर या पद्धतीत त्यांच्या वाहक लहरींच्या संयोगाने शीळ ऐकू येते आणि कोणीतरी दबले गेले हे श्रोत्याला कळते, तर फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनमध्ये बलवान संकेत दुर्बळाला पूर्ण गिळतो आणि दुसरा कोणी बोललाच नाही असा भास होतो. आपले अज्ञान जाहीर करणारे साधन ते लपवणाऱ्या साधनापेक्षा ज्ञानाच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे, आणि थोडा कर्कशपणा ही त्यासाठी द्यावी लागणारी योग्यच किंमत आहे.

ऐकण्याकडून बोलण्याकडे वळले की प्रश्न अनुपलब्धीचा राहत नाही, तो अनुमानाचा होतो, आणि येथे न्यायदर्शनातील हेत्वाभासाची चर्चा थेट उपयोगी पडते. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण साध्य सिद्ध न करणारा आधार. आपला आवाज बाहेर जातो आहे असे वैमानिकाला वाटते, कारण बोलताना तो त्याला स्वतःच्या हेडफोनमध्ये ऐकू येतो. परंतु साइडटोन नावाचा हा आवाज कित्येक रेडिओंत आतल्या आतच वळवलेला असतो आणि अँटेना तुटलेली असली तरी तितकाच गोड ऐकू येतो. त्याहून सूक्ष्म हेत्वाभास मोजमापाच्या उपकरणातून येतो. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत उलटते ते स्टँडिंग वेव्ह रेशो या गुणोत्तराने सांगतात: १ म्हणजे काहीच परतत नाही, २ म्हणजे सुमारे ११ टक्के परतते, ३ म्हणजे २५ टक्के. हे गुणोत्तर कमी असले की अँटेना उत्तम, असा समज बांधणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. पण डमी लोड म्हणून ओळखला जाणारा ५० ओहमचा साधा रोधक जोडला, तर गुणोत्तर जवळजवळ १ येते आणि विमानाबाहेर मात्र काहीच जात नाही; सारी शक्ती उष्णतेत विरते. केबल जुनी, ओली किंवा निकृष्ट असेल तर तीही असाच आभास निर्माण करते. समजा, केबल एका फेरीत निम्मी शक्ती खाते आणि तिचे दूरचे टोक अँटेनापासून तुटून मोकळे पडले आहे. त्या टोकावरून सर्व शक्ती उलटते खरी, पण परतीच्या वाटेवर पुन्हा निम्मी होते, आणि एरवी अमर्याद दाखवायला हवे असे गुणोत्तर उपकरणावर ३ दिसते. केबल जितकी वाईट, तितके मोजमाप चांगले, असा हा उलटा न्याय आहे.

नैयायिकांनी अशा दोषाचे निदान उपाधी या संकल्पनेने केले, आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त तिचे अतिशय बारीक विवेचन केले. उपाधी म्हणजे अशी दडलेली अट, जी साध्य असेल तेथे सर्वत्र असते पण हेतू असेल तेथे सर्वत्र नसते. अग्नीवरून धुराचे अनुमान करू पाहणाऱ्याला ओले सरपण ही उपाधी आडवी येते, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. तसेच परावर्तन कमी, म्हणून प्रक्षेपण चांगले, या अनुमानाला ‘कमी हानीच्या केबलच्या टोकाशी खरोखर विकिरण करणारी अँटेना आहे’ ही उपाधी आडवी येते. ती स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय मोजमापाचा आकडा काहीही सिद्ध करत नाही. म्हणूनच जाणकार बांधणारा केबलच्या अँटेनाकडील टोकाला आधी डमी लोड जोडून किती शक्ती तेथवर पोहोचते ते पाहतो, मग अँटेना जोडतो, आणि दोन्ही आकड्यांची तुलना करतो. तत्त्वचिंतामणीचे नाव न ऐकलेला हा माणूस जे करतो ते उपाधीचे निरसनच आहे.

रेडिओतील गोंगाटाचा शोध अन्वय आणि व्यतिरेक यांवर चालतो. कारण असता कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. इंजिनाची गती वाढली की हेडफोनमधील शीळ चढते, एवढ्या अन्वयाने अल्टरनेटर दोषी ठरत नाही, कारण ठिणगी उत्पन्न करणाऱ्या मॅग्नेटोचा कडकडाटही त्याच गतीने वाढतो. अल्टरनेटरचे क्षेत्र बंद केल्यावर शीळ नाहीशी झाली, या व्यतिरेकानेच निर्णय होतो. तरीही तो निर्णय शेवटचा नसतो. पंखांच्या टोकावरील स्ट्रोब दिवा लावला की टकटक ऐकू येते आणि बंद केला की थांबते, म्हणून तो दिवाच बदलला जातो, आणि नवा दिवाही टकटकतो. कारण खरा दोष दिवा आणि रेडिओ यांना परतीची एकच तार सामायिक असण्यात, किंवा हेडफोनची खोबणी पॅनेलच्या धातूपासून विलग न ठेवण्यात असतो. काचतंतूंच्या विमानात तर पत्र्याचा आडोसा नसल्याने कोअ‍ॅक्सचे आवरणच लहरी फेकू लागते, बोलण्याचे बटण दाबताच इंजिनाच्या मापकांचे काटे उडतात, आणि बांधणारा मापके बदलत बसतो. येथे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मिळूनही मूळ कारणाऐवजी सहकारी कारणच हाती लागते, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

तपासणीच्या साधनाची तपासणी कोणी करायची, आणि तिची पुन्हा कोणी, हा अनवस्थेचा, म्हणजे कोठेच न थांबणाऱ्या मालिकेचा प्रश्न येथे सहजच उभा राहतो. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान उत्पन्न होताच ग्राह्य असते आणि बाधक ज्ञान किंवा कारणातील दोष दिसला तरच ते सोडायचे असते. नैयायिकांच्या परतःप्रामाण्यवादानुसार त्याची यथार्थता नंतर, त्यावर आधारलेली प्रवृत्ती सफल झाल्यावर ठरते. हा वाद सामान्यतः दोन्हीपैकी एक बाजू निवडण्याच्या भूमिकेतून मांडला जातो, परंतु विमानाच्या संदर्भात दोन्ही बाजूंना आपापले स्थान आहे असे दिसते. जमिनीवर, उघड्या पॅनेलसमोर बसलेल्याने नैयायिकासारखे वागले पाहिजे: दूर अंतरावरील केंद्राशी, विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून बोलून पाहावे, म्हणजे धड किंवा पंख अँटेनाच्या आड येऊन कोणत्या दिशेला आवाज मावळतो ते दुसऱ्याच्या शब्दाने, म्हणजे आप्तवाक्याने कळते. उतरण्याच्या मार्गावर असताना मात्र प्रत्येक शब्दाची सिद्धी मागत बसणारा वैमानिक विमान चालवू शकणार नाही. तेथे मीमांसकाचीच भूमिका योग्य, फक्त बाधक दिसताच विश्वास सोडण्याची तयारी तिच्यात अभिप्रेत आहे. अशा वेळी रेडिओ निकामी झाल्याचे ट्रान्स्पाँडरच्या, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राच्या, ७६०० या संकेताने कळवायचे आणि मनोऱ्यावरील रंगीत प्रकाशाचे इशारे पाहायचे, ही सोय त्या तयारीसाठीच आहे.

यातही एक अट सुटते, आणि ती सर्वांत धोक्याची आहे. अमेरिकेतील मनोरा नसलेल्या बहुतेक छोट्या धावपट्ट्यांवर रेडिओ बाळगणे कायद्याने सक्तीचे नाही. तेथे वैमानिक सामायिक वारंवारितेवर आपले स्थान स्वतःहून जाहीर करतात, पण जुने, विजेची यंत्रणाच नसलेले विमान काही न बोलता त्याच फेरीत येऊ शकते. रेडिओ, केबल, अँटेना आणि वारंवारिता या चारही गोष्टी निर्दोष सिद्ध झाल्या तरी ‘असता तर ऐकू आला असता’ हे विधान येथे खोटे पडते, कारण योग्यता ऐकणाऱ्याकडे आहे, पण बोलणाऱ्याकडे नाही. त्यामुळे येथील शांतता आकाश रिकामे असल्याचे प्रमाण कधीच होऊ शकत नाही, आणि पाहून टाळण्याची जबाबदारी नियमांनी वैमानिकाच्या डोळ्यांवरच ठेवली आहे.

बोलणाऱ्याच्या बाजूच्या या अटीमुळे प्रश्न धर्मविचारात शिरतो. दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधीवरील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ईश्वर जाणवत नाही म्हणून तो नाही या आक्षेपाला उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की ईश्वर हा स्वभावतःच इंद्रियगोचर नाही, म्हणून त्याच्या बाबतीत योग्य अनुपलब्धी संभवत नाही आणि त्याच्या न जाणवण्यातून अभाव निघत नाही. न दिसण्यालाच अभाव मानणाऱ्या चार्वाकाला ते विचारतात, की घराबाहेर पडल्यावर बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीशी झाली असे मानून त्याने शोक करावा काय. हे उत्तर तर्कदृष्ट्या पक्के आहे. प्रार्थनेला उत्तर आले नाही म्हणून ऐकणारा कोणी नाही असे म्हणणाऱ्याने, तो असता तर उत्तर आलेच असते हे आधी दाखवले पाहिजे, आणि ते कोणीही दाखवलेले नाही.

पण या उत्तराची किंमत श्रद्धावंताने नीट समजून घ्यायला हवी. ज्या युक्तीने मौन हे अभावाचे प्रमाण होत नाही, त्याच युक्तीने ते अस्तित्वाचेही प्रमाण होत नाही. मौनातून ईश्वराची परीक्षा, त्याचा रोष किंवा त्याची गूढ संमती वाचणारा भाविक अडकलेल्या बटणाच्या शांततेला संदेश समजणाऱ्या वैमानिकापेक्षा अधिक सुरक्षित नाही. उदयनाचार्यांना हे पूर्णपणे ठाऊक होते. तिसऱ्या स्तबकात ते फक्त आक्षेप दूर करतात आणि ईश्वराची सिद्धी पाचव्या स्तबकात, जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे यांसारख्या भावरूप अनुमानांनी करू पाहतात. त्या अनुमानावर प्रतिपक्षाने जो सर्वांत गंभीर आक्षेप घेतला तोही उपाधीचाच आहे: जेथे जेथे कर्ता दिसतो तेथे कार्य शरीरधारी कर्त्याकडून झालेले असते, मग शरीराशिवाय कर्ता या हेतूने कसा सिद्ध व्हावा. गंगेशोपाध्यायांनी ईश्वरानुमानाच्या प्रकरणात या आक्षेपाशी दीर्घ झुंज दिली. त्यांचे उत्तर सर्वांना पटले नाही. तरी वाद मौनाच्या अर्थावरून उचलून दडलेल्या अटींच्या उघड तपासणीवर आणला गेला, आणि ईश्वराविषयीचा कोणताही वाद प्रामाणिकपणे चालवायचा तर तो याच ठिकाणी चालवावा लागतो.